गिनी पिगची आई गेली की पिल्लं तिसऱ्या-चौथ्या दिवशी का जातात?

"काकू, काल रात्रीपर्यंत चांगलं दूध पीत होतं ओ. आज सकाळपासून हालंना गेलंय."

गिनी पिग पाळणाऱ्या ओळखीच्या घरांतून मला सगळ्यात जास्त वेळा आलेला फोन हाच. पुढची हकिगतही जवळपास तीच असते. मादी व्याली, एक-दोन दिवसांत गेली, मागे तीन-चार पिल्लं राहिली. घरातल्यांनी रात्र रात्र जागून दूध पाजलं. पहिले दोन दिवस पिल्लं बरी होती आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी एकामागून एक गेली. काही घरांत हे दुसऱ्या, तिसऱ्या वेतालाही झालेलं असतं आणि मग "आमच्या हाताला यशच नाही" असं म्हणून घरातली लेकरं रडत बसतात.

माझ्याकडेही दोनदा झालं. पहिल्या वेळची तिन्ही पिल्लं गेली, दुसऱ्या वेळच्या चारांपैकी एक राहिलं. दोन्ही वेळा मला वाटलं होतं की दूध कमी पडलं. तसं नव्हतं. मी दूध फार पाजत होते, फार जोरात पाजत होते, आणि दुधाआधी जे करायला हवं ते करतच नव्हते. हे कळल्यावर पद्धत बदलली आणि त्यानंतर माझ्याकडे आलेली बहुतेक पिल्लं जगली. ती पद्धत इथे देते आहे. आत्ता या क्षणी पिल्लं तुमच्या हातात असतील तर पहिले दोन भाग आधी वाचा, दूध गरम करायला नंतर उठा.

पहिल्या तासात दूध नको, ऊब द्या

सोलापूरच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत, जानेवारीत, शहराच्या पूर्व भागातला एक मुलगा बुटांच्या खोक्यात तीन पिल्लं घेऊन माझ्या दारात उभा होता. आदल्या रात्री आई गेलेली. पिल्लं शहाबादी फरशीवर पिंजऱ्यातच राहिलेली. मी एकाच्या कानाला हात लावला, कान थंड. पाय थंड. तोंडात करंगळीचं टोक लावलं, तोंडही थंड. मुलाच्या दुसऱ्या हातात दुधाची बाटली होती आणि तो सारखा म्हणत होता, "आधी पाजा ना, भुकेली आहेत."

थंड पडलेल्या पिलाला दूध पाजायचं नाही. अंग गार असताना आतडं काम करत नाही, दूध पोटात तसंच पडून राहतं, नासतं, पोट फुगतं. शिवाय पिलाला गिळण्याचं बळ नसतं, म्हणून दूध फुफ्फुसात जातं. बऱ्याच घरांत पहिली चूक इथेच होते, आणि तिचा परिणाम दोन दिवसांनी दिसतो, त्यामुळे कारण कुणाच्या लक्षात येत नाही.

पिल्लू आधी कुशीत, कपड्याच्या आत, अंगाच्या उबेला धरा. अर्धा-पाऊण तास लागला तरी लागू द्या. एकदम शेकोटीजवळ किंवा हीटरपुढे नेऊ नका. मग खोकं तयार करा. पुठ्ठ्याच्या खोक्याच्या एका बाजूला गरम पाण्याची बाटली कपड्यात गुंडाळून ठेवायची, दुसरी बाजू मोकळी. पिलाला गरम झालं तर त्याला सरकता आलं पाहिजे. पहिल्या आठवड्यात उबदार बाजूला साधारण २७ ते २९ अंश पुरतात. बाटली दर दोन-अडीच तासांनी बदला. गार झालेली बाटली उलट पिलाच्या अंगातली ऊब ओढून घेते.

आता खाली काय अंथरायचं? आपण सोलापूरकर, घरात टॉवेल भरपूर, हात तिकडेच जातो. पण टर्किश टॉवेलच्या फाश्यांत या पिलांची नखं अडकतात. एकदा सकाळी एक पिल्लू पाय अडकून रात्रभर ओढत बसलेलं सापडलं, तेव्हापासून मी टॉवेल बंद केला. त्याऐवजी जुनी, धुऊन धुऊन मऊ पडलेली सोलापुरी चादर घ्या, किंवा सुती साडीचा तुकडा. खाली वर्तमानपत्राचे दोन-तीन थर चालतील, पण वर कापड हवंच. नुसत्या कागदावर पाय घसरतात. वखारीतला भुसा नको, त्याची धूळ नाकात जाते.

उन्हाळ्यात प्रश्न उलटा होतो. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर जातो आणि पत्र्याच्या घरात त्याहून जास्त. गिनी पिगला तीस अंशांच्या वर त्रास सुरू होतो, लहान-मोठ्या सगळ्यांनाच. जी फरशी जानेवारीत पिलांना मारते तीच मे महिन्यात वाचवते. खोकं घरातल्या सर्वांत गार खोलीत शहाबादी फरशीवर ठेवा, एखादा माठ आडवा घालून त्याला बाहेरून ओलं फडकं लावा, पिल्लं आपणहून आत जाऊन बसतात. कुलरचा झोत थेट अंगावर नको. पहाटे मात्र कानाला हात लावून बघा. पहिल्या चार-पाच दिवसांचं पिल्लू उन्हाळ्यातल्या पहाटेही गार पडू शकतं.

पोट टम्म आहे आणि तरी रडतंय

हा भाग सगळ्यात कमी लोकांना ठाऊक असतो आणि माझी पहिली तीन पिल्लं बहुधा यानेच गेली.

नवजात पिलाला स्वतःहून नीट शू करता येत नाही. आई त्याची शू-शीची जागा चाटते तेव्हा शू आणि शी होते. आई नसली की मूत्राशय भरत जातं. पोट ताठ, गोल होतं. आपल्याला वाटतं दुधाने पोट भरलंय, छान. पिल्लू ओरडतं, आपल्याला वाटतं भूक लागली, आपण आणखी पाजतो.

कोमट पाण्यात कापसाचा बोळा भिजवून पिळून घ्या. पिलाला तळहातावर धरून पोटाच्या खालच्या भागापासून मागच्या दिशेने अगदी हलक्या हाताने पुसत राहा, आईची जीभ फिरावी तसं. मिनिटभरात कापूस पिवळसर ओला होतो. दर पाजण्याच्या आधी एकदा आणि नंतर एकदा. कोरडा कापूस वापरू नका, जोर लावू नका, कातडी सोलली जाते. पुसून झालं की कोरडं करा, ओलं पिल्लू लगेच गारठतं. साधारण दहा ते चौदा दिवस हे करावं लागतं. खोक्यातली चादर आपोआप ओली होऊ लागली की थांबा.

त्या मुलाच्या तीन पिलांपैकी सगळ्यात मोठ्याची शू काढली तर एवढी निघाली की त्याचं पोट डोळ्यांदेखत खाली गेलं. त्यानंतर ते माझ्या हातावर झोपलं. ते भुकेने रडत नव्हतंच.

दूध: कोणतं, किती आणि कसं

या पिलाला उंदराच्या पिलाच्या मापाने मोजू नका. उंदराची मादी तीन आठवड्यांत विते, पिल्लं उघडी, आंधळी असतात. गिनी पिगची मादी साधारण ५९ ते ७२ दिवस गाभण असते. त्यामुळे पिल्लू अंगभर केस, उघडे डोळे आणि दात घेऊन जन्माला येतं. काही तासांत पळतं, दुसऱ्या दिवशी गवत कुरतडतं. म्हणजे दूध हा त्याच्या आहाराचा एक भाग आहे, सगळा आहार नाही. जन्मानंतरचे पहिले बारा ते चोवीस तास ते अंगातल्या साठ्यावर काढू शकतं. म्हणून रात्री दोन वाजता दूध मिळालं नाही तर जीव घाबरा करू नका. ऊब द्या, शू काढा, सकाळी दूध आणा.

सगळ्यात उत्तम दूध म्हणजे दुसऱ्या व्यालेल्या मादीचं. ओळखीत कुणाकडे दोन-तीन दिवसांच्या अंतराने व्यालेली मादी असेल तर आधी तिथे फोन करा. गिनी पिगच्या माद्या दुसरीची पिल्लं बऱ्यापैकी सहज पाजतात. तिच्या खोक्यातलं थोडं अंथरूण पिलांच्या अंगावर चोळायचं, मग तिच्या पिलांमध्ये सोडायचं आणि तासभर जवळ बसून बघायचं. तिला दोनच स्तन असतात, त्यामुळे तिच्या गळ्यात सहा पिल्लं टाकू नका. दूध नसलेली, शांत स्वभावाची म्हातारी मादीसुद्धा उपयोगाची आहे. ती चाटते, ऊब देते, आणि गवत कसं खायचं हे पिल्लं तिच्याकडे बघून शिकतात.

ते जमणार नसेल तर मांजराच्या पिलांसाठी मिळणारी दूध पावडर, डब्यावर दिलेल्या प्रमाणात. तीही नसेल तर शेळीचं दूध, उकळून कोमट केलेलं. आपल्या जिल्ह्यात शेळीचं दूध मिळायला अडचण नाही. म्हशीचं नको, त्यात स्निग्धांश फार. गाईच्या दुधाने बऱ्याच पिलांना जुलाब लागतात. साखर, मध, ग्लुकोज, बाळाचं सेरेलॅक, यांतलं काहीही घालू नका. दर वेळी ताजं घ्या, उरलेलं फेका.

पहिल्या तीन-चार दिवसांत एका वेळेला अर्धा ते एक मिली, दर दोन तासांनी. आठवड्याच्या शेवटी दीड-दोन मिली, दर तीन-चार तासांनी. रात्रीची एक-दोन पाजणी पहिल्या पाच दिवसांत ठेवा. त्यानंतर पिल्लू गवत खात असेल आणि वजन वाढत असेल तर तुम्हीही झोपा. दुसऱ्या आठवड्यापासून दिवसातून तीन-चार वेळा पुरतं आणि तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी दूध सुटतं. हे आकडे अंदाजासाठी आहेत. पिलाने तोंड फिरवलं की पाजणं संपलं, मग सिरिंजमध्ये कितीही उरलेलं असो.

आता कसं पाजायचं, आणि इथे मी हट्टी आहे. पिल्लू चारही पायांवर उभं पाहिजे, मांडीवर पसरलेल्या कापडावर, डोकं किंचित वर. माणसाच्या बाळासारखं उताणं कधीही नाही. आपल्याकडे घरात बाळाचं बोंडलं असतं, आजी प्रेमाने तेच पुढे करते. त्याची धार पिलाला झेपत नाही. मी सुरुवात रंगकामाच्या नव्या मऊ ब्रशने करते. दुधात बुडवून ओठांना लावायचा, पिल्लू चाटतं, चोखतं. दोन दिवसांत ते चमच्यातून चाटायला लागतं आणि मग उथळ झाकणातून पितं. एक मिलीची बिनसुईची सिरिंज वापरायचीच असेल तर टोक तोंडाच्या बाजूने, दातांच्या मागे, आणि एक एक थेंब. थेंब गिळला, मग पुढचा. अख्ख्या पाजणीला दहा मिनिटं लागली पाहिजेत. दोन मिनिटांत एक मिली संपलं असेल तर त्यातलं काही फुफ्फुसात गेलं असं समजा.

नाकातून दुधाचा बुडबुडा आला तर लगेच थांबा. पिलाचं डोकं खाली करून नाक-तोंड पुसा, पाठीवर हलकेच थोपटा. त्या वेळची पाजणी तिथेच संपली. पुढच्या एक-दोन दिवसांत श्वासाला घरघर किंवा टिकटिक आवाज येऊ लागला, पिल्लू अंग फुगवून कोपऱ्यात बसू लागलं, तर तो न्यूमोनिया असतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी जाणारी बरीच पिल्लं याने जातात. घरी वाफ देणं, ओवा शेकणं यात वेळ घालवू नका, डॉक्टरकडे न्या.

आणखी एक गोष्ट. दुधाचे थेंब अंगावर सुकले की मुंग्या येतात. पाजून झालं की हनुवटी ओल्या कापडाने पुसून कोरडी करा, आणि खोकं पाटावर ठेवून पाटाचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा, दुधाच्या कपाटाला आपण करतो तसं.

गवत दुसऱ्या दिवसापासून

"एवढंसं पिल्लू, गवत कसं खाईल?" असं प्रत्येक जण विचारतं. खातं. दुसऱ्या दिवशी खोक्यात मूठभर कोवळी हराळी टाका आणि गप्प बसून बघा. आधी नुसती तोंडात धरतात, मग चावतात. जनावरांच्या चाऱ्यासाठी लसूणघासाच्या पेंढ्या मिळतात, ती या वयात फार चांगली, कारण तिच्यात कॅल्शियम आणि प्रथिनं जास्त असतात. धुऊन, झटकून, सावलीत पाणी सुकवून द्या. ढीग करून ठेवलेलं, आतून गरम झालेलं गवत देऊ नका. वाळलेलं मऊ गवत सतत समोर हवं. कडबा या वयाला फार जाड पडतो. आणि कोवळ्या ज्वारीचे पोंगे अजिबात नको. ज्या विषाने गाई-म्हशी दगावतात तेच त्यात असतं, हे शेतकरी घरातल्यांना सांगायला नको.

कडक भाकरीचा तुकडा, पाव, बिस्कीट, शेंगदाणे हे प्रेमाने दिलं जातं. त्याने पिलांची पोटं फुगतात. बटाटा, कांदा, लसूणही नाही.

आता जे सांगते ते ऐकून लोक तोंड वाकडं करतात, पण करा. गिनी पिगची पिल्लं आईच्या लेंड्या खातात. गवत पचवणारे जीवाणू त्यांच्या आतड्यात तसे जातात. आई नसली की आतडं रिकामं राहतं आणि पिल्लू गवत खाऊनही खंगतं. म्हणून निरोगी मोठ्या गिनी पिगच्या दोन-तीन ताज्या लेंड्या रोज खोक्यात टाका. पिल्लं स्वतः खातात. खात नसतील तर एखादी कोमट पाण्यात कुस्करून ते पाणी ब्रशने ओठांना लावा. ज्याच्या लेंड्या घ्याल तो प्राणी जुलाब, सर्दी, खरूज नसलेला हवा. आई आजाराने गेली असेल तर तिच्या पिंजऱ्यातल्या लेंड्या चालणार नाहीत.

पहिला आठवडा निघाला, पण तिसऱ्या आठवड्यात मागचे पाय ओढतंय

ही दुसरी नेहमीची तक्रार. पिल्लू जगलं म्हणून सगळे निर्धास्त होतात आणि पंधरा-वीस दिवसांनी ते उड्या मारणं सोडतं, सांधे सुजतात, उचललं की किंचाळतं. पडलं असेल, पाय मोडला असेल असं वाटतं. बऱ्याच वेळा ते क जीवनसत्त्व कमी पडल्याने झालेलं असतं.

माणसासारखंच गिनी पिगचं शरीर हे जीवनसत्त्व स्वतः तयार करू शकत नाही. १९०७ साली नॉर्वेत आक्सेल होल्स्ट आणि थेओडोर फ्रॉलिख यांनी गिनी पिगना नुसत्या धान्यावर ठेवलं तेव्हा त्यांना खलाशांचा स्कर्व्ही झाला आणि त्यातूनच पुढे क जीवनसत्त्वाचा शोध सोपा झाला. माणसांना ज्या प्राण्यांमुळे हे कळलं त्यांनाच आपल्या घरात त्याची कमतरता पडू नये, असं मला मनापासून वाटतं.

चघळायची ५०० मिलिग्रॅमची क जीवनसत्त्वाची गोळी पूड करून ५० मिली पाण्यात विरघळवा. एका मिलीत १० मिलिग्रॅम झालं. त्यातलं अर्धा ते एक मिली रोज प्रत्येक पिलाला, थेंब थेंब. हे पाणी रोज नवं करा, काही तासांत त्याची ताकद जाते. पिण्याच्या बाटलीत टाकून ठेवलं तर उपयोग होत नाही. आठवड्यानंतर कोथिंबीर, ढोबळी मिरचीचा बारीक तुकडा, पेरूची फोड बिया काढून द्यायला सुरुवात करा. कोथिंबीर आपल्याकडे बारा महिने असते, तिच्याइतकं सोपं काही नाही.

काटा नसेल तर तुम्ही अंधारात आहात

सराफाकडे असतो तसा एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा डिजिटल काटा तीन-चारशे रुपयांत मिळतो. तो घ्या. पिलाला वाटीत बसवून रोज सकाळी, पाजण्याआधी, त्याच वेळी वजन करा आणि वहीत लिहा. पिल्लं एकसारखी दिसत असतील तर कानावर नेलपेंटचा ठिपका न लावता अंगावरचे डाग लिहून ठेवा, नेलपेंट चाटतात.

जन्माला पिल्लू साधारण ७० ते १०० ग्रॅम भरतं. साठच्या खालचं पिल्लू वाचवणं अवघड असतं, हे आधीच मनाला सांगून ठेवा. पहिल्या दोन-तीन दिवसांत दोन-चार ग्रॅम कमी होणं ठीक आहे. चौथ्या दिवसापासून रोज तीन-चार ग्रॅम वाढ दिसली पाहिजे. सलग दोन दिवस वजन उतरलं तर पिल्लू कितीही टवटवीत दिसो, काहीतरी बिघडलंय. गिनी पिग आजार लपवतात. डोळ्यांना दिसण्याआधी काटा सांगतो.

बिघडलंय ते शोधताना मी याच क्रमाने जाते: कान गार आहेत का, शू साफ होते का, श्वासाला आवाज आहे का, मागे चिकटलेली पातळ शी आहे का. जुलाब असतील तर दूध एक-दोन पाजण्या थांबवून त्याच मापात ओआरएसचं पाणी द्या, मग दूध अर्धं पाणी घालून पुन्हा सुरू करा. बारा तासांत थांबलं नाही तर डॉक्टर. शू लालसर असेल तर वाट बघू नका.

औषधाच्या कपाटाला हात लावू नका

हे वेगळं लिहिते आहे कारण यात चूक झाली तर दुरुस्ती नाही. घरात लेकरांचं अमॉक्सिसिलिनचं औषध उरलेलं असतं. पिलाला सर्दी झाली म्हणून त्यातले दोन थेंब दिले जातात. अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन आणि पेनिसिलिनच्या घराण्यातली औषधं, तसंच क्लिंडामायसिन, हे गिनी पिगच्या आतड्यातले चांगले जीवाणू मारून टाकतात, घातक जीवाणू वाढतात आणि काही दिवसांत प्राणी जुलाब होऊन मरतो. मोठासुद्धा मरतो, पिलाचं काय!

आपल्याकडे बहुतेक पशुवैद्यांचा रोजचा संबंध गाई, म्हशी, शेळ्या आणि कुत्र्यांशी. गिनी पिग त्यांच्यापुढे क्वचित येतो. म्हणून जाण्याआधी फोन करून "गिनी पिग बघता का?" असं सरळ विचारा आणि कोणतंही प्रतिजैविक लिहून दिलं तर त्याचं नाव विचारून "हे गिनी पिगला तोंडावाटे चालतं ना?" असं नम्रपणे विचारा. एका दवाखान्यात मी हे विचारलं नाही म्हणून एक चांगली मोठी झालेली मादी गमावली. तेव्हापासून विचारायला लाजत नाही.

मुळात आई का गेली?

तुमच्या घरी हे दुसऱ्यांदा झालं असेल तर प्रश्न पिलांच्या दुधाचा नाही, आईचा आहे.

जोडी विकत आणायची आणि एकाच पिंजऱ्यात ठेवायची, ही आपल्याकडची पद्धत. मादी व्याल्यावर काही तासांतच पुन्हा माजावर येते. नर शेजारीच असतो. ती अंगावर पिल्लं पीत असतानाच पुन्हा गाभण राहते. अशी लागोपाठ दोन-तीन वेतं झाली की मादी संपते. गाभण आहे असं वाटताच नराला वेगळ्या पिंजऱ्यात हलवा, आणि व्याल्यावर परत आणू नका.

दुसरं कारण वयाचं. मादीचं पहिलं वेत सहा-सात महिन्यांच्या आत झालं नाही तर तिच्या कमरेची पुढची हाडं घट्ट जुळून येतात, मग बाळंतपणात ती उघडत नाहीत आणि पिल्लू अडकतं. वर्षभर एकटी वाढवलेली मादी हौसेने नराबरोबर सोडली तर हा धोका असतो. मादी वीस-तीस मिनिटं कळा देते आहे आणि पिल्लू येत नाही, तर ती आपोआप सुटेल म्हणून थांबू नका, शस्त्रक्रिया लागू शकते.

तिसरं, गाभणपणाचे शेवटचे दोन आठवडे आणि बाळंतपणानंतरचा पहिला आठवडा. लठ्ठ मादीने या काळात खाणं सोडलं की शरीर चरबी जाळायला लागतं, रक्तात विष साठतं आणि दोन-तीन दिवसांत ती जाते. पिंजरा बदलणं, खाद्य बदलणं, दिवाळीचे फटाके, एवढ्यानेही ती खाणं सोडू शकते. या काळात एक दिवस खाल्लं नाही तर तो तातडीचा प्रसंग समजा.

आई सर्दी-न्यूमोनियाने गेली असेल तर पिंजरा, वाट्या, अंथरूण सगळं बदला. ससे आणि कुत्रे स्वतः आजारी न दिसताही गिनी पिगला घातक असे श्वसनाचे जंतू बाळगतात, म्हणून "एकाच पिंजऱ्यात ससा आणि गिनी पिग" हे बंद करा.

एकविसावा दिवस

आई नसलेली पिल्लं जगली की आनंदात एक तारीख विसरली जाते. तीन आठवड्यांनी नर पिल्लं वेगळी करावी लागतात. मादी पिल्लू चार आठवड्यांचं असतानाच गाभण राहू शकतं, भावापासूनही आणि बापापासूनही. शूच्या जागेच्या जरा वर बोटाने हलकेच दाबलं की नराची छोटी दांडी बाहेर येते, मादीत इंग्रजी वाय अक्षरासारखी फट दिसते. खात्री नसेल तर दोन दिवस लागोपाठ बघा.

त्या मुलाच्या तिघांत एक नर निघाला, तोच, ज्याचं पोट टम्म होतं. एकविसाव्या सकाळी तो वाटीत मावेना, काट्यावर १९२ ग्रॅम भरला. बहिणी मुलासोबत परत पूर्व भागात गेल्या, बरोबर वजनाची वही आणि लसूणघासाची अर्धी पेंढी दिली. नराला मी माझ्या म्हाताऱ्या नराच्या शेजारी मध्ये जाळी लावून ठेवलं. तीन दिवस दोघं जाळीला नाक लावून बसायचे. चौथ्या दिवशी जाळी काढली, तर पिल्लू सरळ त्याच्या पोटाखाली शिरलं आणि म्हाताऱ्याने त्याचे कान चाटायला सुरुवात केली.